फर्ग्युसन आणि दहा नंबरचं घर

६ नोव्हेंबर १९८६ ला अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे मॅनेजर झाले, तेव्हा पंतप्रधानांच्या घरात, लंडनच्या दहा डाउनिंग स्ट्रीटमध्ये, मार्गारेट थॅचर होत्या. मे २०१३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्या घरात डेव्हिड कॅमेरन राहत होते. मधल्या काळात मेजर, ब्लेअर आणि ब्राउन येऊन गेले. देशाला पाच पंतप्रधान लागले तेवढ्या वर्षांत क्लबचं एका माणसावर भागलं, आणि त्या माणसाने ३८ करंडक आणले. त्यांतली १३ लीगची विजेतेपदं. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की मनात येतंच: हा माणूस देश चालवायला बसला असता तर?

असं वाटणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेकदा त्यांचा राग असतो. मध्यंतराला खेळाडूच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडणं, ज्याला ‘हेअरड्रायर’ असं नाव पडलं. मंत्र्यांना असंच कोणीतरी सुनवायला हवं, ही ती इच्छा. पण राग हा त्यांच्या कामाचा अगदी लहानसा भाग होता. युनायटेडचा फ्रेंच खेळाडू एरिक कॅन्टोना याच्या वाट्याला तो जवळपास आलाच नाही. जानेवारी १९९५ मध्ये कॅन्टोनाने क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर एका प्रेक्षकाला लाथ मारली आणि त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. वैतागून तो इंग्लंड सोडायला निघाला, तेव्हा फर्ग्युसन स्वतः पॅरिसला गेले आणि त्याची समजूत घालून आले. पुढच्या मे महिन्यात लीग आणि एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची मोठी स्पर्धा), दोन्ही युनायटेडकडे होते. कोणावर ओरडायचं आणि कोणासाठी विमान पकडायचं, हे ज्याला कळतं त्याची गोष्ट फक्त रागाची कशी असेल?

पक्ष शोधावा लागत नाही. फर्ग्युसन ग्लासगोच्या गोवन भागातले, वडील जहाजबांधणीच्या कारखान्यात, स्वतः टूलमेकरच्या कामाचे शिकाऊ कामगार. कारखान्यात ते संघटनेचे प्रतिनिधी होते आणि शिकाऊ कामगारांच्या संपात उतरले होते. जन्मभर मजूर पक्षाचे. मॅट बस्बी, बिल शँकली आणि जॉक स्टीन हे तिघे थोर स्कॉटिश मॅनेजर कोळशाच्या खाणीत काम करून वर आलेले. फर्ग्युसन त्याच मुशीतले. एकाच्या चुकीची किंमत शेजारच्याला मोजावी लागते, हे खाणीत आणि गोदीत आधी कळतं, मैदानात नंतर.

मतदारसंघही ठरलेलाच वाटतो, ग्लासगो गोवन. १९८७ मध्ये मजूर पक्षाने ही जागा १९ हजारांहून जास्त मतांनी जिंकली होती. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८८ च्या पोटनिवडणुकीत, स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या जिम सिलर्स यांनी ती हिसकावून घेतली. घरच्या मैदानाचा भरवसा राजकारणात इतकाच.

समजा, तरी ते निवडून आले आणि पक्षाचे नेतेही झाले. ६५० जणांच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये ३२६ चा आकडा गाठला की राजवाड्यातून सरकार बनवण्याचं बोलावणं येतं. त्या बोलावण्याला मुदतीचा करार जोडलेला नसतो. आकडा टिकेल तोवर खुर्ची. मँचेस्टरमध्ये फर्ग्युसनना सांभाळायचे होते एक अध्यक्ष, मार्टिन एडवर्ड्स, आणि मूठभर संचालक, ज्यांत बॉबी चार्लटन होते. पंतप्रधानाला तीनशेहून जास्त संचालक असतात, आणि त्यांतला प्रत्येक जण एकाच वेळी संचालकही असतो आणि संघात जागा मागणारा खेळाडूही.

आता वेळेचा हिशेब मांडू, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. फर्ग्युसन आले तेव्हा युनायटेड २२ संघांत २१ वा होता. पहिल्या हंगामाअखेर ११ वा. मग दुसरा, मग पुन्हा ११ वा. १९८९ च्या उन्हाळ्यात भरपूर पैसा खर्चून पॅलिस्टर, इन्स, वेब, फेलन आणि वॉलेस घेतले. सप्टेंबरमध्ये मँचेस्टर सिटीने ५-१ ने धुऊन काढलं. डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवरच एका प्रेक्षकाने फलक धरला: तीन वर्षं नुसत्या सबबी ऐकल्या, आता निघा. तो हंगाम १३ व्या जागी संपला. लीग मिळाली १९९३ मध्ये, म्हणजे साडेसहा वर्षांनी.

ब्रिटिश संसदेची कमाल मुदत पाच वर्षं. १९८६ च्या नोव्हेंबरात आलेल्या सरकारला १९९१ च्या अखेरीस लोकांपुढे जावंच लागलं असतं. तोवर फर्ग्युसनच्या हातात १९९० चा एफए कप आणि १९९१ चा युरोपियन कप विनर्स कप होता. म्हणजे सांगण्यासारखी दोन कामं, आणि जाहीरनाम्यातलं मुख्य वचन मात्र अपुरं. मुदतीच्या मध्यावर, त्या फलकाच्या आठवड्यांत, तर एकही नाही. मुदतीच्या मध्यावर १३ व्या जागी असलेल्या नेत्याला त्याच्याच पक्षाच्या खासदारांनी पुढची निवडणूक लढवू दिली असती, असं मला वाटत नाही.

७ जानेवारी १९९० ला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने गोल केला आणि फर्ग्युसनची नोकरी वाचली, अशी कथा सांगतात. कथा म्हणून ती छान आहे, पण त्यांना खरं तारलं ते गुणतक्त्यात न दिसणाऱ्या कामाने. आल्याबरोबर त्यांनी मुलांच्या संघांकडे पाहिलं होतं. खेळाडू हेरणारी माणसं वाढवली, मँचेस्टरमधलीच मुलं सिटीकडे निघून जातात याचा छडा लावला आणि स्थानिक शोधाचं काम ब्रायन किड यांच्याकडे दिलं. रायन गिग्ज सिटीच्या मुलांच्या केंद्रात सराव करायचा. २९ नोव्हेंबर १९८७ ला, त्याच्या चौदाव्या वाढदिवशी, फर्ग्युसन त्याच्या घरी हजर झाले. दुसरीकडे १९८९ मध्ये पॉल मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड या लाडक्या खेळाडूंना त्यांनी विकलं, कारण संघातली दारूची सवय मोडायची होती. त्याची किंमतही मोजली. मॅकग्रा अ‍ॅस्टन व्हिलाकडे बहरला आणि १९९३ मध्ये खेळाडूंच्या मतांनी वर्षातला सर्वोत्तम ठरला. योग्य निर्णयातही नुकसान होतं, आणि ते सोसायला वर कोणीतरी तयार असावं लागतं. संचालक मंडळ तयार होतं. पायाचं काम चालू असल्याचं त्यांना दिसत होतं.

मुलांच्या संघाचे प्रशिक्षक एरिक हॅरिसन यांच्या हाताखालच्या मुलांनी १९९२ मध्ये एफए यूथ कप जिंकला: बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल, गिग्ज. पाठोपाठ स्कोल्स आणि फिल नेव्हिल आले. १९९५ च्या उन्हाळ्यात फर्ग्युसननी इन्स, ह्यूज आणि कान्चेल्स्किस यांना एकदम जाऊ दिलं आणि या मुलांना आत घेतलं. पहिल्याच सामन्यात व्हिलाकडून ३-१ ने हार. मे १९९६ ला दोन्ही मोठे करंडक. गिग्जच्या दारात गेल्यापासून मोजलं तर साडेआठ वर्षं.

माझ्या मते पंतप्रधान फर्ग्युसनचं सगळ्यात मोठं काम इथेच झालं असतं: तरुणांना हातात कसब देणं. ब्रिटनने एप्रिल २०१७ मध्ये शिकाऊ कामगारांसाठी कर लावला. वर्षाचा पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर असलेल्या कंपनीने वरच्या रकमेवर अर्धा टक्का भरायचा आणि तो पैसा शिकाऊ माणसांवर खर्च करायचा. कल्पना चांगली होती. झालं असं, की नव्याने सुरू होणाऱ्या शिकाऊ जागा वाढण्याऐवजी घटल्या. बऱ्याच कंपन्यांनी तो पैसा आधीच नोकरीत असलेल्या मोठ्या माणसांच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांवर वळवला, आणि पहिल्यांदा कामाला लागणाऱ्या पोराला दार बंदच राहिलं. मुलांच्या संघासाठी ठेवलेल्या पैशातून तिशीतल्या खेळाडूंची फी भरावी, तसं हे. लेथवर उभं राहून काम शिकलेल्या माणसाला ही गोम कळायला वेळ लागला नसता.

पण कळणं वेगळं, आणि साडेआठ वर्षं त्याच्या मागे उभं राहणं वेगळं. एकट्या २०२२ सालात ब्रिटनला पाच शिक्षणमंत्री झाले. हॅरिसनच्या जागी त्या एका वर्षात पाच प्रशिक्षक आले असते तर स्कोल्ससारख्या लहान चणीच्या, दमा असलेल्या मुलाकडे कोणाचं लक्ष गेलं असतं, याचा विचार करवत नाही.

आता माणसं काढण्याकडे येतो. फर्ग्युसनच्या ताकदीचं हे मूळ होतं, आणि डाउनिंग स्ट्रीटमध्ये ते मूळच रुजलं नसतं.

१९९० च्या एफए कपचा अंतिम सामना क्रिस्टल पॅलेसशी ३-३ असा सुटला. गोलरक्षक जिम लेटन हा अ‍ॅबरडीन या फर्ग्युसनच्या आधीच्या क्लबपासून त्यांच्याबरोबर असलेला माणूस. १९८३ मध्ये गोथेनबर्गला रेआल माद्रिदला हरवणाऱ्या संघाचा गोलरक्षक. त्या दिवशी तो ढासळला. पाच दिवसांनी पुन्हा खेळायच्या सामन्यात फर्ग्युसननी त्याला वगळून लेस सीलीला उभं केलं, १-० ने जिंकले आणि पहिला करंडक घेतला. लेटनशी असलेलं नातं मात्र कायमचं तुटलं. ऑगस्ट २००१ मध्ये याप स्टॅमला लॅझिओला विकलं; ती चूक होती असं पुढे त्यांनी स्वतःच कबूल केलं. ऑक्टोबर २००५ च्या अखेरीस कर्णधार रॉय कीनने क्लबच्या वाहिनीसाठीच्या मुलाखतीत सहकाऱ्यांची सालं काढली. मुलाखत दाखवली गेली नाही आणि तीन आठवड्यांच्या आत कीन बाहेर होता. तो सेल्टिककडे गेला. युनायटेडच्या ड्रेसिंग रूममध्ये बोलायचा अधिकार त्या दिवशी संपला.

काढलेला मंत्री कुठेच जात नाही. तो उठून दोन-तीन रांगा मागे बसतो, आणि त्याचं मत त्याच्याकडेच राहतं. ब्रिटनमध्ये १९७५ च्या कायद्याने पगारी मंत्र्यांची संख्या १०९ वर थांबवली, आणि कॉमन्समधून जास्तीत जास्त ९५ मंत्री घेता येतात. सत्ताधारी पक्षाचे ३३० खासदार धरले तर २३५ जण कायम संघाबाहेर, आणि फेरबदल झाला की त्यांत आणखी दुखावलेले. जुलै १९६२ मध्ये हॅरल्ड मॅकमिलन यांनी एका फटक्यात सात कॅबिनेट मंत्री काढले, म्हणजे मंत्रिमंडळाचा एक तृतीयांश. १९९५ च्या फर्ग्युसनइतकाच तो धाडसी निर्णय होता, पण लोकांना त्यात घबराट दिसली, आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात मॅकमिलन पायउतार झाले. फर्ग्युसनकडे नव्या मुलांना सिद्ध करायला नऊ महिन्यांत ३८ सामने होते. नवा मंत्री चांगला निघाला हे कळायला तसा गुणतक्ता कुठे आहे?

कीनची गोष्ट संसदेत घडली तर कशी घडते, हेही इतिहासात आहे. जुलै १९८९ मध्ये थॅचरबाईंनी जेफ्री हाव यांना परराष्ट्र खात्यातून हलवून उपपंतप्रधान केलं. नाव मोठं, हातात काम थोडं. १ नोव्हेंबर १९९० ला हाव यांनी राजीनामा दिला. १३ तारखेला ते मागच्या बाकावरून उठले आणि संथ आवाजात बोलले: सलामीच्या फलंदाजांना खेळायला पाठवायचं, आणि पहिले चेंडू पडताना त्यांना कळायचं की सामन्याआधी कर्णधारानेच त्यांच्या बॅट मोडून ठेवल्या आहेत. कर्णधार पुढच्या बाकावर बसून ऐकत होती. नऊ दिवसांनी थॅचर यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. फर्ग्युसननी आपल्या पद्धतीने मंत्रिमंडळ चालवलं असतं तर तीन वर्षांत त्यांच्या पाठीमागे असे पाच-सहा हाव तयार झाले असते, याबद्दल मला शंका नाही.

तरी त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी इथे उपयोगी पडली असती, आणि तिची चर्चा फार कमी होते. वगळायच्या खेळाडूला ते आधी एकट्याला बोलावत. मी चुकत असेन, पण आजच्या सामन्यासाठी मला हाच संघ योग्य वाटतो, असं सांगत. मग संघ जाहीर करत. ओले गुन्नार सोल्शायर वर्षानुवर्षं राखीव बाकावर बसला आणि कडवट झाला नाही. १९९९ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर बायर्न म्यूनिकविरुद्ध नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत शेरिंगहॅमने बरोबरी साधली आणि दोनच मिनिटांत सोल्शायरने युरोपचा कप आणला. दोघेही राखीव बाकावरून आलेले. मागच्या बाकावरच्या माणसाला आपण संघात आहोत असं वाटत ठेवणं, हेच तर पक्षाच्या मुख्य प्रतोदाचं काम.

दुसरी गोष्ट, पाहणं. अ‍ॅबरडीनला असताना त्यांच्या सहायकाने विचारलं होतं, सगळं तुम्हीच करणार तर मला आणलंत कशाला? तेव्हापासून सराव सहायकांकडे आणि फर्ग्युसन कडेला उभे. कोणाचा वेग कमी झाला, कोण गप्प गप्प आहे, कोणाचं गुडघ्याचं दुखणं लपवणं चाललंय, हे शिट्टी हातात नसतानाच दिसतं. संघाचे ते मनात तीन थर करत: तिशीच्या पुढचे, तेवीस ते तीसमधले आणि त्याहून लहान. जिंकणारा संघ साधारण चार वर्षं टिकतो हे धरून पुढचा संघ आधीच जोडायला घेत. मंत्रिमंडळाची अशी मांडणी करणारा पंतप्रधान क्वचित सापडतो. बहुतेक जण गट सांभाळतात, वय आणि वाढ नव्हे.

रेफरी आणि वार्ताहर यांच्याशी मात्र त्यांचं जमलं नसतं, आणि जमायलाही नको होतं. २००९ मध्ये रेफरी अ‍ॅलन वायली यांच्या तंदुरुस्तीवर बोलल्याबद्दल त्यांना २० हजार पौंड दंड झाला, २०११ मध्ये मार्टिन अ‍ॅटकिन्सन यांच्याबद्दल बोलल्यावर ३० हजार पौंड आणि पाच सामन्यांची बंदी. बीबीसीशी ते २००४ ते २०११ बोलले नाहीत. पंतप्रधानाने न्यायाधीशांबद्दल असं बोलायचं ठरवलं तर २००५ चा कायदा आडवा येतो. न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य राखणं हे मंत्र्यांचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलेलं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठातल्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी पंतप्रधानांनी केलेली संसदेची तहकुबी बेकायदा ठरवली. त्या निकालाला टचलाइनवरून हात उडवून उत्तर देता येत नाही. आणि बुधवारी दुपारी बारा वाजता अर्धा तास विरोधी पक्षनेत्याला आणि इतर खासदारांना उत्तरं द्यावीच लागतात. नावडत्या वार्ताहराला खोलीबाहेर काढतात तसं त्यांना काढता येत नाही.

घोड्याची गोष्ट सोडून चालणार नाही. रॉक ऑफ जिब्राल्टर या शर्यतीच्या घोड्याच्या मालकीवरून फर्ग्युसनचा जॉन मॅग्नियर यांच्याशी वाद झाला. मॅग्नियर आणि त्यांचे भागीदार जे. पी. मॅकमॅनस हेच तेव्हा क्लबचे सर्वांत मोठे भागधारक होते. २००४ मध्ये वाद कोर्टाबाहेर मिटला, पण मे २००५ मध्ये त्या दोघांनी आपला हिस्सा ग्लेझर कुटुंबाला विकला आणि क्लब विकत घेण्यासाठी काढलेलं कर्ज क्लबच्याच डोक्यावर आलं. वादाचा आणि विक्रीचा संबंध किती, यावर मतभेद असू शकतात. मंत्र्याला आपले खासगी हितसंबंध आधी जाहीर का करावे लागतात, हे समजवायला मात्र याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

शेवटच्या दहा मिनिटांत मागे असताना काय करायचं, पाच उरली तर काय, तीन उरली तर काय, याचा युनायटेडचा संघ सराव करत असे. मागे असताना बचाव उघडा टाकून सगळ्यांना पुढे पाठवणं फुटबॉलमध्ये शहाणपणाचं असतं; १-० ने हरलं काय आणि २-० ने हरलं काय, हार तीच. राज्यात तसं नसतं. २३ सप्टेंबर २०२२ ला लिझ ट्रस यांच्या सरकारने पैशाची तजवीज न सांगता ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. पाच दिवसांत पेन्शन फंड वाचवायला बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे विकत घ्यावे लागले. दुसरा गोल लोकांच्या घरकर्जाच्या हप्त्यांत जाऊन बसला. ट्रस एकूण ४९ दिवस पंतप्रधान होत्या.

राहिलं जाणं. २००१ मध्ये फर्ग्युसननी जाहीर केलं, की २००२ ला मी निवृत्त होणार. त्या हंगामात संघ ढिला पडला. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनी निर्णय फिरवला आणि आधी सांगणं ही चूक होती असं मान्य केलं. टोनी ब्लेअर यांनी २००४ मध्ये हेच केलं. तिसरी मुदत पूर्ण करीन, चौथी मागणार नाही, असं सांगितलं. त्यांना निर्णय फिरवता आला नाही. सप्टेंबर २००६ मध्ये स्वतःच्याच खासदारांच्या दबावाखाली वर्षभरात जाईन असं सांगावं लागलं आणि जून २००७ मध्ये ते गेले. २०१३ मध्ये फर्ग्युसन धडा शिकलेले होते. लीग खिशात, शेवटचा सामना ५-५, कारकिर्दीतला १५०० वा, आणि दिवस स्वतः निवडलेला. वारसही त्यांनीच निवडला. डेव्हिड मॉयस यांना सहा वर्षांचा करार मिळाला आणि दहा महिन्यांत नारळ. त्या दहा महिन्यांत फर्ग्युसन संचालकांच्या कक्षात बसलेले दिसायचे, त्यांच्याच नावाच्या स्टँडच्या समोर.

एडवर्ड हीथ यांना थॅचर यांनी फेब्रुवारी १९७५ मध्ये पक्षनेतेपदावरून हटवलं. हीथ खासदार राहिले आणि पुढे पंतप्रधान थॅचर यांच्या धोरणांवर त्याच सभागृहात उघड टीका करत राहिले. १९९० मध्ये थॅचर गेल्या, १९९२ मध्ये त्यांनी कॉमन्सही सोडलं. हीथ २००१ पर्यंत बाकावर होते. सव्वीस वर्षं.